खोली क्रमांक तीन

खमसीन सुटला की जिबूतीत
दाराची कडी फडक्यानं धरतात.
अशाच एका सकाळी उपकेंद्रातल्या तीन नंबरच्या खोलीत
मी कपाटाच्या पत्र्याला हात लावून उभी होते,
आजाऱ्याच्या कपाळाला लावावा तसा.

आत रिले, बॅटऱ्यांच्या दोन रांगा,
आणि हे करडं कपाट,
अर्ध्या शहराची वीज कुणीकडे वळायची
ते ह्याच्या पोटात ठरतं.
थर्मामीटर म्हणाला, एकेचाळीस.
मागच्या ऑगस्टमध्ये ह्यातलाच एक रिले
काही कारण नसताना उडाला,
आणि बालबालाच्या प्रसूतिगृहात
एक मूल टॉर्चच्या उजेडात जन्माला आलं.
(कारण होतं. अहवालात लिहायला कुणी धजलं नाही.)

काइरे खरेदीखात्याचा.
म्हणाला, बाजारातून चार स्प्लिट आणू,
आवाज नाही, हप्त्यानं देतात, वर रिमोट.

मी म्हटलं, ते माणसांसाठी असतात.
माणूस घाम गाळतो, रात्री उठून बंद करतो,
सकाळी खिडकी उघडतो.
त्याचा गारवा निम्मा वेळ हवेतलं पाणी पिळत बसतो.
यंत्राला घाम नाही.
त्याचा ताप कोरडा, चोवीस तास, बारा महिने,
तक्रार न करणाऱ्याचा असतो तसा.
आणि दहा अंश वाढले
की बॅटरीचं आयुष्य अर्ध्यावर येतं,
ती बोलत नाही, नुसती लवकर म्हातारी होते.

मग निविदेचा कागद पुढ्यात घेतला.
यंत्रं दोन हवीत.
एक चालेल, दुसरं थांबेल, दर शनिवारी पाळी बदलेल,
आईच्या उशाशी दोघी बहिणी आळीपाळीनं जागतात तशी.
वीज गेली आणि परत आली
तर बटण दाबायला कुणी नसताना
त्यांनी आपणहून उठायला हवं.
पाण्याची नळी कपाटावरून नको. एक थेंबही नको.
बाहेरच्या जाळीवर लेप हवा, कारण इथला वारा
समुद्रावरून मीठ घेऊन येतो,
आणि खाल्ल्या मिठाला माणूस जागतो,
तांबं जागत नाही.

दुपारी एकला खातच्या जुड्या आल्या,
शहर पान चघळत सावलीत बसलं.
काइरेनं गाल फुगवूनच आकडा वाचला.
पुन्हा वाचला.
"यंत्राला बावीस अंश," म्हणाला,
"माझी आई ओली चादर अंगावर घेऊन फरशीवर झोपते."

माझीही.
मी त्याला उत्तर दिलं नाही.
पुढचं कलम लिहिलं:
दाराखालची फट रबरानं बुजवावी, धूळ आत येता कामा नये.

लिहून झालं आणि आठवला दिरिए, पहारेकरी.
आहे तो जुना पंखा-यंत्र कसाबसा जो गारवा टाकतो
त्यातला बोटभर ह्याच फटीतून बाहेर येतो,
आणि दिरिए तिथेच पाठ टेकून बसतो,
पाण्याचा कॅनही तिथेच ठेवतो.
सहा वर्षं.

कलम खोडायचं? खोडता येत नाही.
धूळ कुणाची गय करत नाही.
शेवटच्या पानावर, सह्यांच्या वर, थोडी जागा उरली होती.
तिथे लिहिलं: पहाऱ्याच्या खोलीसाठी
स्प्लिट, नग एक, बाजारातला चालेल.
काइरेचं पेन त्या ओळीवर बराच वेळ थांबलं.
मग म्हणाला, "रिमोटसकट लिही,
नाहीतर वेगळे पैसे लावतात."

सप्टेंबरात रात्रपाळीला गेले.
तीन नंबरच्या दाराला कान लावला,
दोघींपैकी एक जागी होती.
फट बुजलेली.
पलीकडे पहाऱ्याच्या खोलीत दिरिए
घोंगडी गळ्यापर्यंत ओढून ताठ बसलेला,
दात वाजत होते.

म्हटलं, वाढव की जरा.
तो म्हणाला, "का?
आत बावीस लिहिलंय. मीही बावीसच लावलं."