खोली क्रमांक एकशे बारा

डिसेंबर लागला की आमदार निवासाच्या गाद्या
आम्ही गच्चीवर उन्हात टाकतो.
एकशे बाराची मधोमध दबलेली,
आधी बापाच्या वजनानं,
मग त्र्यंबकरावांच्या आठ निवडणुकांनी.

पहिल्या अधिवेशनाला आले
तेव्हा कोट बापाचाच, बाह्या लांब.
"शेषराव, हात वर केला तर
अध्यक्षांना बोटंच दिसत नाहीत गा."

पुढे कोट बसला. मग बटणं लागेनात.
मंत्री झाले, रविभवनात गेले.
सरकार पडलं तशी रात्रीच परत,
हातात एकच पिशवी:
"चहा टाक. साखर घालून."

किती विधेयकं, किती सभात्याग,
मला काय ठाऊक.
मोर्चा टेकडी रोडला अडला की
खिडकी उघडी ठेवायचे, एवढं ठाऊक.
कुडकुडत ऐकायचे. बोलायचे काही नाहीत.
सकाळी तर्री-पोहे तसेच राहायचे.

यंदा यादीत पोरीचं नाव.
तिनंही हीच खोली मागितली.
पहिल्याच सकाळी, कंबर धरून,
"काका, ही गादी बदलून मिळेल?"
म्हटलं, अर्ज करावा लागतो ताई.
केलाय तिनं, तीन प्रतींत.
मंजुरी यायची आहे.
तोवर काठावर झोपते.