अठराशे मीटरच्या खाली

माझं काम एवढंच होतं: रेघ मारायची.
दांडा जिच्यावर सरकतो त्या पितळी पट्टीवर,
चार केसांच्या ब्रशने, लाल,
आणि शेजारी बारीक अक्षरांत:
अठराशे मीटरच्या खाली याच्यापुढे नको.

अकरा बायका होतो आम्ही त्या हिवाळ्यात.
बोडनसेवरचं धुकं दारातून थेट लेथपर्यंत यायचं,
हातमोज्यांची बोटं कापलेली,
आणि लाकडी घोडीवर ते, सहा सिलिंडरचं,
उघडं.

फोरमन ल्युत्सेल म्हणाला, हे जमिनीचं नाही.
याचं पोट मुद्दाम मोठं ठेवलंय.
वर हवा पातळ, आपल्या खानावळीतल्या सूपासारखी,
पाणी घालून घालून पुरवलेली.
बाकीची इंजिनं तिथे धापा टाकतात.
हे तिथे जेवायला बसतं.

आणि खाली?
खाली हात आखडता घ्यायचा.
इथली घट्ट हवा पोटभर वाढली
तर स्वतःलाच फोडून घेईल.

मी मान हलवली.
त्या वर्षी आम्ही सलगमाचा पाव खात होतो,
सलगमाचा मुरंबा, सलगम भाजून केलेली कॉफी.
भुकेच्या मापाने घडवलेली वस्तू
मला कोणी समजावून सांगायला नको होती.

एकदा दातेरी रुळांच्या गाडीतून
त्याला डोंगरावर चढवलं, आकडे लिहायला मला नेलं.
ल्युत्सेलने दांडा रेघेपार ढकलला.
छपरावरचा बर्फ एका दमात घसरला,
पेन्सिल टेबलावरून चालत गेली,
आणि तो म्हातारा, टोपी काढून,
काहीतरी बोलत राहिला. मला ऐकू आलं नाही.

गेब्हार्डचं पत्र यायचं. सहा हजार मीटरवर
कॅमेरा सांभाळत बसायचा माझा भाऊ, तोंडात प्राणवायूची नळी.
झेंझी, इथवर कोणी पोचत नाही.
खाली खंदक म्हणजे उसवलेली शिवण.
पायलटच्या खांद्यावरून तुझी रेघ दिसते.
आम्ही रोज ओलांडतो.
उतरताना मात्र आठवणीने मागे येतो.

नोव्हेंबरात तो आला, ओठ फाटलेले.
मावशीने गावाहून बदक पाठवलं होतं,
आईने लोणी काढलं, कुठून ते मी विचारलं नाही.
ताट पुढे सरकवलं.
त्याने ते बघितलं,
मग उजवा हात टेबलाच्या कडेवर ठेवला
आणि सावकाश, अगदी सावकाश, मागे ओढला.
एवढं नको, आई. मी अजून खाली आलेलो नाही.

वसंतात जिंकलेल्यांची माणसं आली,
यादी घेऊन, घण घेऊन.
इंजिनं मोजली, मग फोडली.
सिलिंडर फुटताना वाजत होते,
चर्चच्या घंटेइतके नाही, पण वाजत होते.

एक पट्टी मी एप्रनखाली घरी आणली.
आई तिने पिठाचं माप सपाट करते.
रेघेवर पीठ बसतं.
ती फुंकर मारते, रेघ पुन्हा दिसते,
ती पुढचं माप भरते.