पागुमे सहा

सकाळचे तीन वाजलेत, म्हणजे उजाडून तीन तास झाले;
आमची घड्याळं सूर्य उगवला की मोजायला लागतात.
देस्सीच्या नागरी सेवा कार्यालयात
रांग जिन्यावरून खाली, निलगिरीच्या झाडांपर्यंत.
प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची पिशवी,
पिशवीत स्वतः असल्याचे पुरावे.

माझं काम सोपं आहे.
नेमणूकपत्र, शाळेचा दाखला, नवं ओळखपत्र:
तिन्हींत माणूस एकच आहे का, ते पाहायचं.
पगारपत्रकात भुतं आहेत, असं वरून कळवलंय.
सोमवारपासून तीनशे बारा तपासली.
भूत एकही नाही.
अकरा जणांचं जन्मसाल चुकलंय,
एका वाहनचालकाच्या जागी त्याच्या मेलेल्या भावाचा फोटो,
आणि एक शिक्षिका सात वर्षं पुरुष आहे.

मग अस्नाकेच मुलात.
इस्पितळाची धुलाई, एकोणीस वर्षं नोकरी.
बोट ठेवलं, यंत्र गप्प.
दुसरं ठेवलं. अंगठा. डावा हात.
नेतेलाच्या काठाला पुसून पुन्हा उजवा.
"ब्लीच," ती म्हणाली,
जणू कुणाची ओळख करून देत होती.

बरं, ठसे राहू देत. जन्मतारीख वाचली:
पागुमे सहा, एकोणीसशे शहात्तर.

पागुमे आमचा तेरावा महिना,
बारांच्या हिशेबातून उरलेल्या पाच दिवसांचा,
चार वर्षांतून एकदा सहा.
शहात्तर साली तो पाचच दिवसांचा होता.
बोटांवर मोजलं, भिंतीवरच्या तक्त्यात पाहिलं.
पाचवा मावळला आणि नवं वर्ष लागलं.
"तुम्ही जन्मलात तो दिवस," मी म्हणालो, "उगवलाच नव्हता."

ती हसली नाही, चिडलीही नाही.
"कोरेमच्या छावणीत लिहिलं ते लिहिलं.
दुष्काळ होता, आणि तेरावा महिना.
दिवस कोण मोजतंय?
मोजणी व्हायची ती पहाटे,
चादरीखालच्यांची."

राहिला तिसरा रकाना. आमच्याकडे आडनाव नसतं;
आपलं नाव, बापाचं, मग आजोबांचं.
आजोबांच्या जागी टंकलेलं: याल्तावेके.
आमच्यात नावं वाक्यांसारखी असतात, त्यामुळे खपलं असेल.
मी मोठ्यानं वाचलं तेव्हा कानाला कळलं,
हे नाव नाहीच, शेरा आहे.
छावणीतल्या कुणा कारकुनानं लिहिलं होतं, माहीत नाही,
आणि पुढच्यानं ते माणूस समजून उतरवून घेतलं.
त्यानंतर प्रत्येकानं. शाळेत, बँकेत, धुलाईच्या हजेरीत.

"खोडू?"
"खोडून काय लिहाल?"
रिकामा रकाना यंत्र घेत नाही.
"असू द्या," ती म्हणाली. "लहानपणी वाटायचं, उंच असेल.
माझ्या मुलांना त्याच्या गोष्टी सांगितल्यात.
घोडा होता त्याच्याकडे."

मागून गेताहुन साहेबांचा आवाज: रांग, रांग.
सहाचा पाच केला.
एका दिवसानं ती थोरली झाली,
निवृत्ती एक दिवस अलीकडे सरकली.
"त्या दिवसाचा पगार?" तिनं विचारलं,
आणि थट्टा आहे हे कळेपर्यंत
मी नियमांची वही उघडून बसलो होतो.

ठशांपुढे लिहिलं, झिजलेले.
आजोबांपुढे 'पडताळले' अशी खूण केली.
खोटी नव्हती.
मी पडताळलं होतं, खरंच माहीत नाही.

सही करताना तिनं तिन्ही नावं लिहिली.
पहिली दोन भराभर, धुणं टाकावं तशी.
तिसऱ्याशी हात थांबला, पेन नीट धरलं,
एकेक अक्षर गोल, सुटं,
आणि शाई वाळेपर्यंत
कागद माझ्याकडे दिला नाही.