तिथीची पाऊणपट

फेब्रुवारीत, हॅलिफॅक्सच्या छपरांवर बर्फ असतानाच
अच्युतनं ऑगस्टचा आठवडा मागून घेतला.
फार्मसीच्या भिंतीवर रजेचा तक्ता आहे.
शाळकरी मुलांच्या आईबापांनी त्यातला उन्हाळा
केव्हाच रंगवून टाकलेला.
कोपऱ्यात पाच चौकोन उरले होते,
त्यांवर यानं हिरव्या पेनानं नाव टाकलं
आणि घरी येऊन असं सांगितलं
जणू जमीन घेतली.

तेव्हापासून फ्रीजवर कागद आहे.
कॉटेजचा ॲडव्हान्स. गाडीचे ब्रेक.
किल्ली शेजारच्या डोरीनकडे: टोमॅटोंना पाणी, एक दिवसाआड,
मिरच्यांना नको, त्या रुसलेल्याच बऱ्या.
भाजणी. ही ओळ माझी.
"तिथे दुकान आहे," तो म्हणतो.
असेल दुकान.

हाच कागद गेल्या वर्षीही होता. त्याच्या आदल्याही.
एकदा त्याची कंबर धरली,
एकदा नणंदेचं ऑपरेशन ऐन त्याच मंगळवारी निघालं.
कॉटेजवाल्या बाईनं पैसे परत केले नाहीत,
पण नाताळला कार्ड धाडलं:
वाळूत लोळणारा सील, डोक्यावर लाल टोपी.
ते आम्ही जपून ठेवलंय. बरंच महाग पडलेलं कार्ड आहे.

होली आयलंड हे बेट तसं अर्धवेळच बेट.
दिवसातून दोनदा रस्ता पाण्याखाली जातो
आणि दोनदा परत मिळतो.
अच्युतनं भरतीचं वेळापत्रक छापलं, लॅमिनेट केलं,
लाल पट्ट्यात जायचं नाही म्हणून बजावलं,
बुडालेल्या गाडीचा कुणीतरी काढलेला फोटो दाखवला.
दोनदा.

मी स्वयंपाकघरातलं कॅलेंडर उलटलं.
श्रावण वद्य पंचमी. पाच पाऊणे पावणेचार.
"सव्वासात," तो कागदावरून म्हणाला.
षष्ठी, साडेचार. "आठ."
सप्तमी, सव्वापाच. "पावणेनऊ. तू काय करतेयस?"

माझे बाबा जयगडच्या खाडीत तरीवर तिकिटं फाडायचे.
पाऊणकी मला शाळेआधी आली.
अष्टमीला भांग, पुनवेला उधाण,
मधल्या दिवसांचा हिशेब बोटांवर.
बाबांनी जन्मात रजा घेतली ती दोनदा, दोन्ही वेळा सुतकाची.
पलीकडे काय आहे म्हणून विचारलं
तर म्हणायचे, अलीकडचीच माणसं.

साडेतीन तास. रोज साडेतीनच.
रोज नेमकं तेवढंच चुकणाऱ्याला
चुकलं कसं म्हणायचं?
लॅमिनेटवर पेन्सिल उठेना, म्हणून मी मागे चिकटपट्टी लावली
आणि तिच्यावर लिहिलं: तिथीची पाऊणपट, अधिक साडेतीन.
अच्युतनं कॅल्क्युलेटर आणला.
आठवडाभराचे आकडे ताडून पाहिले, ओठ न हलवता,
गोळ्या मोजतो तसे.
"शुक्रवारी दहा मिनिटं इकडेतिकडे," म्हणाला,
आणि लाल पेन खिशात ठेवून दिलं.

आज संध्याकाळी डोरीन किल्ली न्यायला आली.
"यंदा खरंच?" तिनं विचारलं.
अच्युत म्हणाला, ब्रेक नवे घातलेत.
भाजणीचा डबा दोन पिशव्यांत गुंडाळून
मी त्याच्या स्वेटरांच्या मधोमध ठेवला.
तीन तासांचा रस्ता, हा म्हणतो सहा धरू.
गजर पाचचा.

मी साडेतीनलाच जागी.
अंधारात मागचं दार उघडून
टोमॅटोंना तांब्याभर पाणी घालून आले.
डोरीन घालणारच आहे, तरी.
मिरच्यांनाही थोडं.