नावं ठेवणारा

बामाकोत, मोपेडच्या टायरवाल्याला खेटून
माझं टेबल. त्यावर कॉम्प्युटर,
एका कुशीवर उघडा, पंख्यात लाल धूळ.
शंभर फ्रँकला वीस गाणी.
नखाएवढं कार्ड द्या, दातांनी काढू नका, मी काढतो,
फुंकर मारतो, भरतो, परत देतो.
धंदा एवढाच.

आत एक्केचाळीस हजार गाणी
आणि त्यांना मी ठेवलेली नावं.
माणसांना नावं ठेवणं सोपं,
चहाचा पेला संपायच्या आत होतं.
गाण्याला ठेवून बघा.
एकच गाणारी माझ्याकडे चार स्पेलिंगांनी नांदायची,
चौघींचं एकमेकींशी बोलणं नाही.
माझे फोल्डर असे:
सिकासोचे ट्रकवाले रात्री नेतात ते
देंबाची म्हातारी रडते ते
लग्न, खोकला येतो ते
नवीन
खरं नवीन
नवीन दोन, पुसू नको.
गिऱ्हाईक गुणगुणायचं, हात आपोआप जायचा.

भाचा त्येमोको डाकारहून शिकून आला.
मामा, म्हणाला, हा उकिरडा आहे.
त्यानं एक प्रोग्रॅम बसवला.
तो प्रत्येक गाणं घासभर चाखतो,
कुठल्यातरी लांबच्या वहीत बघून येतो
आणि नाव, गाव, साल, चित्र चिकटवतो.
एका रात्रीत एक्केचाळीस हजार बारशी,
घुगऱ्या खायला मी एकटा.

सकाळी पाहिलं. खोटं कशाला बोलू, देखणं होतं.
चौघींची एक बाई झाली होती,
जुळी-तिळी तीन हजार गळाली होती,
चौकोनी चित्रं धुतल्या ताटांसारखी ओळीत.
पण खाली, बोट दुखेपर्यंत खाली गेलो तर
अज्ञात कलाकार, ट्रॅक एक
अज्ञात कलाकार, ट्रॅक एक
अज्ञात कलाकार, ट्रॅक एक.
अकरा हजार.
आणि सेगूच्या एका बालाफोनवर
नाताळची गाणी, भाग तीन,
सोबत बर्फातलं चर्च.
टायरवाला झान हसून हसून पंक्चर विसरला.

तेवढ्यात असितान आली, कापड रंगवणारी,
कोपरापर्यंत निळी.
ते गाणं दे, ज्यात माझ्या बापाचं नाव येतं.
मी बापाचं नाव टाइप केलं.
काही नाही.
गाण्याच्या पोटातलं नाव
यंत्राला कुठून दिसणार?

मग ट्रॅक एक लावला. मग दुसरा ट्रॅक एक.
ती स्टुलावर, मी पेटीवर, झान पान्यासकट.
हा कुलिकोरोचा, झान म्हणाला. लिही.
नाही, हा माझ्या आत्याचा नवरा, ती म्हणाली,
सूर लागायच्या आधी घाई करतो. लिही.
दुपार झाली, वीज गेली, वीज आली,
रस्त्यावरचे तिघे आणखी येऊन बसले,
एकशे बारा गाण्यांना माणसं मिळाली.
तिसऱ्या दिवशी
एक जेली खाकरला आणि सुरू झाला.
पिढीजात गळा, दुसऱ्यांच्या सात पिढ्या तोंडपाठ,
एकेक नाव असं काढत होता
जसं कुणी विहिरीतून भांडी काढावीत.
असितान निळ्या बोटांवर मोजत होती.
पाचव्याला थांबली.
कुणी काही बोललं नाही.

आणि गाणारा कोण?
ते त्यानं कुठंच सांगितलं नव्हतं.
तिलाही माहीत नव्हतं, ती तेव्हा नवरी होती,
डोक्यावरून पदर, खाली मान.
रकाना मोकळा ठेवू नको, त्येमोको ओरडला, यादी बिघडते.
मी लिहिलं: खोकला येतो ते.

तिनं शंभर फ्रँक ठेवले.
बाकीची एकोणीस कुठली? मी विचारलं.
हेच, म्हणाली.
मी भरत गेलो, प्रोग्रॅम दर वेळी विचारत गेला:
हे आधीच आहे. पुन्हा ठेवायचं?
हो.
हो.
हो.