मांगं डाव्या बाजूले कोन बसते

बारावा फ्यूज उडाला तो आर्णीच्या रस्त्यावर,
रपट्यापाशी, दुपारी दोनला.
खिशात तेरावा होता.
पांढरा, चिनी मातीचा, भुईमुगाच्या शेंगेएवढा,
पाठीवर धातूची एक पट्टी.
पट्टी मधोमध काळी पडली की समजायचं,
ब्रेकचा लाल दिवा गेला
आणि मागून येणाऱ्याला आता
खिडकीबाहेरचा माझा हातच काय तो इशारा.

पद्मिनी सत्त्याऐंशीची. दिग्रसच्या कंपाउंडरकडून घेतली
तेव्हा निळी होती.
मी गिरणीवाला, त्यामुळे आता पिठाची.

सल्ल्यांना तोटा नव्हता.
पानठेल्यावर म्हणाले, आठचा काढा, सोळाचा टाका.
मेहुण्यानं सिगारेटची चांदी गुंडाळली.
साडूनं तर तांब्याची तारच वळून आणली,
"आता पाह्यतो कसा उडते ते."
नाही उडाला.
डॅशखालून आधी वास आला,
मग बिडीएवढा धूर.
बॅटरीची तार उपटताना भाजलेलं बोट
अजून पीठ चाळताना हुळहुळतं.

विशाखा गवई पंपाच्या मोटारी भरते.
स्टँडामागं टिनाचं दुकान, दारात जळक्या वायंडिंगची भेंडोळी.
"कार म्या कधी केली नाई," ती म्हणाली,
"पन तार तारच असते. आना."
साडूची तार तिनं चिमट्यानं ओढून काढली.
"जळनं त्याचं कामच आहे, काका.
तुमी त्याले कामावरून काहाले काढता?"

मग मागचे दोन्ही बल्ब काढले,
ब्रेकच्या पेडलवर वीट ठेवली,
आणि फ्यूजच्या जागी
दोन तारांवर एक बल्ब लोंबता सोडला.
पेटला तर शॉर्ट.
चावी फिरवली. नाही पेटला.
डिकी आपटली. नाही.
गाडी चौघांनी मिळून हलवली. नाही.
दवाखान्याच्या पायरीवर ताप उतरावा
तशी गाडी शहाण्यासारखी उभी.

तिनं ओढणीनं घाम पुसला.
"उडते तवा गाडीत कोन कोन असते?"
मी मोजू लागलो.
बँकेत एकटा गेलो, नाही उडाला.
बाजाराला उडाला. बारशाला उडाला.
वाढोण्याच्या लग्नाला जाताना उडाला, येतानाही.
"मांगं डाव्या बाजूले कोन बसते?"

मी गप्प.
मागं डावीकडं बसते माझी थोरली बहीण, कौतिकाताई.
ती तिथंच स्टुलावर होती, पिशवी मांडीवर घेऊन,
एकूण एक शब्द ऐकत.

"बसा ना ताई एकडाव."
ताई बसली. काही नाही.
"जरा हलून बसा."
ताई पिशवीसकट सरकली
आणि बल्ब पेटला.
उठली, विझला. बसली, सरकली, पेटला.
चहावाला पोऱ्या फसकन हसला,
मग गिलास घेऊन तसाच थांबला.
आम्हाला हसता येईना, न हसताही.
ताईच म्हणाली,
"म्हंजे सहा महिने मीच उडवून राह्यली का रे?
आन् तू सांगत होता, रस्ता खराब हाय."

सीट उचलली. स्प्रिंगचं एक टोक तुटून खाली आलेलं,
त्याखाली तार, नखाएवढी सोललेली.
बाजूला ज्वारीचे दाणे, एक गुंडी,
कंपाउंडरची इंजेक्शनची काचनळी.
विशाखानं सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला,
टोक सुतळीनं बांधलं, वर पोतं अंथरलं.
ऐंशी रुपये.

आणि मला तेव्हा आठवलं,
दर वेळी गाडी थांबली की ताई आधी उतरायची,
"मी चालते पुढं, तू ये मांगून."
म्हणूनच नवा फ्यूज टिकायचा,
तिला गाठून पुन्हा बसवेपर्यंत.

परतताना म्हटलं, समोर बस.
बसली नाही. मुद्दाम डावीकडंच, पोत्यावर.
रपटा आला. मी ब्रेक दाबला. गाडी आदळली.
ताई मान वळवून मागं पाहत होती.
"थांबला," ती म्हणाली,
"ट्रॅक्टरवाला थांबला."