भरती-ओहोटीचं पत्रक

सगळ्यात आधी ओळखलं ते डॉक्टरांनी नाही,
बोरिएस रस्त्यावरच्या ग्लादिसने, मेण लावता लावता.
हनुवटीखालून बोट फिरवत म्हणाली,
"यास्ना, दर आठवड्याला येतात का गं हे?
आणि पाळी?"
पाळी येते तेव्हा येते, मी म्हटलं.
गेल्या वर्षी चारदा. बरंच की,
त्या गारठ्यात, रबरी एप्रनच्या आत, कोण बदलत बसणार?
तिनं पट्टी ओढली.
"माझ्या बहिणीचं असंच होतं," एवढंच बोलली
आणि त्या दिवशीचे पैसे घेतले नाहीत.
तेव्हा मी घाबरले.

त्याआधी दोघे झाले होते.
एकाने सांगितलं, वजन उतरवा.
दुसऱ्याने सांगितलं, मूल हवं असेल तेव्हा या,
आणि पुढच्या पेशंटची बेल दाबली.

डॉक्टर ओयार्सूनच्या बुटांना चिखल होता.
तिनं विचारलं, पहिली पाळी कितव्या वर्षी,
आईला साखर आहे का, भांगात केस विरळ कधीपासून.
मग माझी कॉलर खाली करून मानेमागचा काळसरपणा पाहिला.
तो मी वीस वर्षं
मळ समजून घासत होते.

रक्त द्यायला उपाशीपोटी गेले, सकाळी सातला.
वारा असा की चौकात पालिकेने दोर बांधलेले.
दोर धरून, बायाबापड्यांच्या रांगेत, एक-एक पाऊल.

आणि सोनोग्राफीच्या अंधाऱ्या खोलीत
पडद्यावर कडेकडेने
बारीक काळे गोल, एकमेकांना चिकटून.
मला पट्ट्यावरची खेकडी आठवली.
आमच्या समुद्रात मादी पकडायची नाही असा कायदा आहे,
सापडली तर परत पाण्यात.
तरी एखादी नजरचुकीने येते कारखान्यापर्यंत,
पोटाखाली अंड्यांचा जांभळा घोस आवळून,
आणि आम्ही सगळ्या क्षणभर हात थांबवतो.

"या गाठी?"
"गाठी नाहीतच," डॉक्टर म्हणाली.
नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा,
या आजाराचं नाव तसलंच.
ही बीजं, वाढता वाढता अर्ध्या वाटेवर थांबलेली.
पेशी इन्शुलिनला दार उघडत नाहीत,
शरीर आणखी पाठवतं, आणखी,
आणि त्या गलबल्यात अंडाशय
पुरुषांचं संप्रेरक जास्तच बनवून बसतात.
"आणि पाळी न येणं हा आराम नव्हे," ती म्हणाली,
"आत अस्तर साचत राहतं."

घरी येऊन पणजीचा फोटो काढला.
ब्राच बेटावरून बोटीने आलेली, काळा रुमाल,
ओठांवर सरळसरळ मिशी.
एकच मूल, लग्नानंतर बारा वर्षांनी.
घरात सगळे त्याला चमत्कार म्हणत.
तिला कुणी काही विचारलं असेल का कधी?

मेटफॉर्मिन.
पहिले तीन आठवडे कारखान्यात मला शोधायचं
तर संडासाच्या दाराशी.
मग डॉक्टरने गोळी बदलली, हळू विरघळणारी दिली,
पोट निवळलं.
संध्याकाळच्या चहाला पाव एकच.
आई म्हणाली, हा चहा आहे की सुतक?
रोज धक्क्यापर्यंत चालते, जाताना वाऱ्याच्या तोंडावर,
येताना तोच ढकलतो.
केसांसाठीची गोळी वेगळी. तिचा गुण यायला सहा महिने,
तोवर ग्लादिस. आता ती पैसे घेते.

हे बरं होत नाही, ओयार्सून सांगते, सांभाळायचं असतं.
मूल हवं झालं तर त्यालाही औषधं आहेत.
मी अजून ठरवलेलं नाही.
तिनंही पुन्हा विचारलं नाही.

कोळ्यांच्या संघाने दिलेलं भरती-ओहोटीचं पत्रक
फ्रिजवर लावलंय.
मिनिटामिनिटाचा हिशोब, चंद्राची चित्रं.
मंगळवारी शिफ्टमध्ये पोटात कळ आली
आणि मी मार्सेलाकडे पॅड मागितलं,
इतक्या मोठ्यांदा की पट्ट्यावरच्या सगळ्या वळल्या.
रात्री पत्रकावर पेनाने फुली मारली.
सदतिसावा दिवस.
समुद्र वेळेवर होता, मी नव्हते.
पण त्या रकान्यात आता
दोघींच्या नोंदी आहेत.